रक्तातील वाटाडे

अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. टोक आत राहते आणि संध्याकाळपर्यंत त्या जागेचे रूप पालटते. कातडी लाल होते, हात लावला तर ऊन लागते, भोवती सूज चढते आणि ठसठस सुरू होते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेविली आहेत. पुढे दोन दिवसांत त्या ठिकाणी पू धरतो. पू म्हणजे नासलेले रक्त, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. वस्तुतः ते एका लहानशा रणभूमीवरील अवशेष होत. त्यात मेलेले जंतू असतात आणि त्यांच्याशी झुंजताना कामास आलेल्या, रक्तातील पांढऱ्या पेशीही असतात.

या पेशी तेथे आल्या कोठून, आणि एवढ्या मोठ्या देहात काटा नेमका कोठे मोडला हे त्यांना समजले कसे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून वैद्यकशास्त्रातील एक नवा प्रयत्न आकारास येत आहे. औषधाचे अतिसूक्ष्म कण करावयाचे, ते या पेशींच्या स्वाधीन करावयाचे आणि ज्या जागी त्या आपण होऊन जाणार आहेत त्या जागी औषधही त्यांच्याकरवी पोचवावयाचे, असा हा प्रयत्न आहे. तो कोठवर आला आहे, त्यातील सिद्ध किती आणि केवळ आशेचे किती, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेशींच्या या कामगिरीचा शोधही एका काट्यापासूनच लागला. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली असता तो सूक्ष्मदर्शकापाशी एकटाच बसून राहिला. तारामाशाचे डिंभ काचेसारखे पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता त्याच्या मनात आले, की या पेशी शरीराच्या रक्षणासाठी तर फिरत नसतील? त्याने बागेतील गुलाबाचे काही काटे तोडून आणले आणि त्या डिंभांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. परकी वस्तू गिळून टाकणाऱ्या या पेशींना पुढे भक्षक पेशी हे नाव मिळाले.

मेचनिकॉव्हचे नाव मुंबईकरांना कदाचित परिचयाचे नसेल. परंतु त्याच्या एका शिष्याचे नाव परळच्या एका जुन्या संस्थेने जपले आहे. ओडेसा येथे मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेल्या वाल्डेमार हाफकिन याने मुंबईत प्लेगची साथ चालू असताना प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईच्या हाफकिन संस्थेला त्याचेच नाव देण्यात आले आहे.

मेचनिकॉव्हला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्याला पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर वाटून देण्यात आले होते. या दोघांचे विचार परस्परांशी जुळणारे नव्हते. शरीराचे रक्षण भक्षक पेशी करतात, असे मेचनिकॉव्ह म्हणे. रक्तजलात विरघळलेल्या द्रव्यांवर एर्लिखचा भर असे. एर्लिखच्या मनात आणखी एक कल्पना घोळत होती. रोगजंतूला तेवढे टिपील आणि रोग्याला धक्का लावणार नाही, असे औषध मिळावे, अशी ती कल्पना होती. अशा औषधाला तो जादूची गोळी म्हणत असे. १९०९ साली त्याच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याने उपदंशावर गुणकारी ठरणारे सोमलाचे एक संयुग हुडकून काढले. जादूच्या गोळीच्या दिशेने पडलेले ते एक मोठे पाऊल होते. तथापि सोमल अखेर सोमलच होता, आणि रोग्याला त्याचा उपद्रव व्हावयाचा तो होतच राहिला.

ही अडचण एकट्या सोमलाची नव्हे. औषधाला दिशेचे ज्ञान नसते. तोंडाने घेतलेली गोळी असो अथवा शिरेतून दिलेले द्रव्य असो, ते रक्तात मिसळते आणि रक्त जाईल तिकडे जाते. फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात जंतू असले तरी औषध यकृतातही जाते, मूत्रपिंडातही जाते आणि ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नाही अशा सर्व अवयवांत जाते. एका वाफ्यातील रोप जगविण्यासाठी साऱ्या शिवारात पाणी सोडावे, तसा हा प्रकार होय. शेतकरी असे करीत नाही. तो पाट काढतो आणि बारे धरून हव्या त्या वाफ्यात पाणी वळवितो. औषधासाठी असा पाट काढता येईल काय, हा या विषयाचा गाभा आहे.

पाट काढण्याचे साधन अनपेक्षित ठिकाणी सापडले. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बेब्रॅहम येथे ॲलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ पेशींच्या आवरणात असणाऱ्या स्निग्ध द्रव्यांचा अभ्यास करीत होते. अंड्याच्या बलकातही असणारी ही द्रव्ये पाण्यात घोळली म्हणजे ती आपण होऊन मिटतात आणि त्यांच्या पोकळ, गोल पिशव्या बनतात, असे त्यांना १९६० नंतरच्या काही वर्षांत विद्युत्कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले. या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात. पिशवी म्हटली की तीत काही ठेवावे, हे ओघानेच आले. १९७१ च्या सुमारास ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी अशा पिशव्यांतून औषधे नेता येतील ही कल्पना पुढे मांडली. लायपोसोमप्रमाणेच प्रथिनांचे, शरीरात विरघळून जाणाऱ्या कृत्रिम बहुवारिकांचे आणि इतरही पदार्थांचे कण पुढे तयार होऊ लागले. या सर्वांना मिळून आज नॅनोकण म्हणतात.

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, तर औषध वाहणारा नॅनोकण बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतो. भक्षक पेशी बैलगाडीच्या चाकाएवढी मानली, तर हा कण तिच्यापुढे हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठरेल. तो केशवाहिनीत अडकत नाही आणि पेशीला सहज गिळता येतो.

परंतु सहज गिळता येणे हीच प्रथम मोठी अडचण वाटली. शिरेतून सोडलेले कण इष्ट स्थळी पोचण्यापूर्वीच यकृतातील आणि पाणथरीतील मोठ्या भक्षक पेशी त्यांना रक्तातून उचलून गिळून टाकीत. मॅक्रोफेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशींचे नित्याचे कामच ते आहे. रक्तातून वाहत येणारा केरकचरा, जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी, चुकार जंतू, सारे काही त्या गिळतात. त्यांच्या दृष्टीने औषधाचा कण हाही केरच. त्यांना चुकवावे कसे, या विवंचनेत संशोधकांची पुष्कळ वर्षे गेली. पण रोगाचे ठाणे जर या भक्षक पेशींच्या पोटातच असेल, तर हीच अडचण सोय होऊन बसते. असा एक रोग आहे, आणि त्याचा इतिहास भारताशी निगडित आहे.

बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या भागांत काळा आजार अनेक पिढ्या ठाण मांडून होता. आठवडेच्या आठवडे हटत नाही असा ताप, उतरत जाणारे वजन, पोटात हाताला लागणारी वाढलेली पाणथरी, रक्तक्षय आणि काळवंडलेली कातडी, हे त्याचे रूप होय. उपचार न मिळाल्यास तो बहुतेक सर्व रोग्यांचा प्राण घेतो. १९०३ साली लीशमन आणि मद्रास येथील डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे त्याचा परोपजीवी जीव ओळखला आणि दोघांची नावे मिळून त्याचे लीशमानिया डोनोव्हनी असे नामकरण झाले. वाळूमाशी नावाच्या लहानशा माशीच्या चाव्यातून तो शरीरात शिरतो. त्याचे विलक्षण चातुर्य असे, की जी मॅक्रोफेज पेशी त्याला मारण्यासाठी गिळते, तिच्या पोटातच तो बिऱ्हाड करतो आणि तेथेच त्याची वीण वाढते. चोराने पोलीस चौकीतच मुक्काम ठोकावा, तशी ही गत आहे.

या रोगावर पहिले परिणामकारक औषध कलकत्त्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास तयार केले. यूरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे संयुग होते आणि त्याने असंख्य लोकांचे प्राण वाचविले. पुढे अँटिमनीची इतर संयुगे आली व अनेक दशके त्यांच्यावरच भिस्त राहिली. पण शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारमधील जंतू त्यांना दाद देईनासे झाले. काही भागांत निम्म्याहून अधिक रोगी या औषधाने बरे होत नसत. मग अँफोटेरिसिन बी या औषधाकडे वळावे लागले. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५० नंतरच्या दशकात मिळालेले हे द्रव्य बुरशीच्या आणि लीशमानियाच्या पेशींच्या आवरणातील एका विशिष्ट घटकाला चिकटून त्याला भोके पाडते. माणसाच्या पेशीत तो घटक नसतो. परंतु त्याच्याशी साम्य असलेले कोलेस्टेरॉल असते, आणि म्हणून औषधाचा थोडाफार प्रहार रोग्यावरही होतो. थंडी वाजून ताप भरतो, मूत्रपिंडांना इजा होते. यास्तव ते थोडे थोडे करून, एक दिवसाआड, पंधरा वेळा शिरेतून द्यावे लागे. म्हणजे जवळजवळ महिनाभर रुग्णालयात राहणे आले.

महिनाभर रुग्णालयात राहावयाचे म्हणजे काय, हे ज्याचे हातावर पोट आहे त्यालाच ठाऊक. काळा आजार मुख्यतः भूमिहीन मजुरांच्या, मातीच्या भिंतींच्या घरांत आढळतो. कर्ता पुरुष खाटेवर, त्याच्या उशाशी बायको, घरी लेकरे शेजाऱ्यांच्या हवाली आणि मजुरी बुडालेली, अशी कुटुंबाची स्थिती होई. अर्धवट उपचार सोडून घरी परतण्याचा मोह अशा वेळी अनावर व्हावा, यात नवल नाही.

लायपोसोमचा उपयोग येथे झाला. १९७७-७८ मध्येच निरनिराळ्या संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करून असे दाखविले होते, की अँटिमनीचे औषध लायपोसोममध्ये भरून दिले तर लीशमानियावरील त्याचा प्रभाव कित्येक पटींनी वाढतो. कारण उघड होते. मॅक्रोफेज पेशी केर समजून लायपोसोम गिळते आणि ज्या पोटात परोपजीवी दडलेला आहे त्याच पोटात औषध जाऊन पडते. अँफोटेरिसिन लायपोसोममध्ये गुंफले म्हणजे आणखी एक लाभ होतो. मूत्रपिंडांकडे जाणारा त्याचा वाटा कमी होतो आणि म्हणून एकाच वेळी मोठी मात्रा देता येते.

वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. श्याम सुंदर आणि त्यांचे सहकारी यांनी मुझफ्फरपूर येथे या गोष्टीची काटेकोर परीक्षा केली व तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ३०४ रोग्यांना लायपोसोममधील अँफोटेरिसिन वजनाच्या दर किलोग्रॅमला १० मिलिग्रॅम या प्रमाणात केवळ एकदाच देण्यात आले. १०८ रोग्यांना जुन्या पद्धतीने पंधरा वेळा साधे अँफोटेरिसिन देण्यात आले. सहा महिन्यांनंतर पाहता पहिल्या गटातील ९५.७ टक्के आणि दुसऱ्या गटातील ९६.३ टक्के रोगी बरे झालेले आढळले. गुण दोहोंचा जवळजवळ सारखाच होता. फरक पडला तो दिवसांत. जेथे महिना लागत होता तेथे एका दिवसात काम झाले.

पुढे हा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात घेण्यात आला. औषध महाग असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ते विनामूल्य मिळविण्याची व्यवस्था झाली. १९९२ साली भारतात काळ्या आजाराचे ७७,१०२ रोगी नोंदले गेले होते. २०२३ साली ही संख्या सहाशेंच्या आत आली. हे सारे श्रेय एका लायपोसोमचे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरोघर केलेली कीटकनाशकाची फवारणी आणि बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत निदान करणारी चाचणी यांचाही त्यात मोठा वाटा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या बांगलादेशाने या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन केल्याची मान्यता मिळविली. तसा मान मिळविणारा तो जगातील पहिला देश होय.

हेच औषध महाराष्ट्रातील घराघरांत माहीत झाले ते मात्र एका वेगळ्या संकटात. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाने डोके वर काढले. नाक, डोळा आणि जबडा पोखरणाऱ्या या रोगावरही लायपोसोममधील अँफोटेरिसिन हाच मुख्य आधार होता. देशभर त्याचा तुटवडा पडला आणि एकेका कुपीसाठी आप्तजनांना गावोगाव धावाधाव करावी लागली, हे श्रोत्यांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. लायपोसोम तयार करणे हे सुंठ कुटून पुडी बांधण्याइतके सोपे काम नव्हे. प्रत्येक कणाचा आकार आणि त्याचे आवरण नेमके साधावे लागते. गरज पडताच चार दिवसांत उत्पादन दसपट करता येत नाही, हा धडा त्या उन्हाळ्याने दिला.

भक्षक पेशीच्या पोटात ठाणे देणारा लीशमानिया हा एकटाच नव्हे. क्षयाचे जंतूही फुप्फुसातील मॅक्रोफेज पेशींत दडी मारून बसतात आणि म्हणूनच त्यांच्यावरील उपचार महिनोन्महिने चालतो. चंदीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी क्षयावरील नेहमीची औषधे बहुवारिकांच्या नॅनोकणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिली. २००३ साली त्यांनी असे नमूद केले, की दर दहाव्या दिवशी एक, अशा अवघ्या पाच मात्रांनंतर उंदरांच्या अवयवांत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. त्यानंतर दोन दशके लोटली, तरी अशी गोळी क्षयरोग्याच्या हाती अद्याप पडलेली नाही. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते ती अशी. क्षयजंतूंच्याच कुळातील दुसऱ्या काही जंतूंमुळे होणाऱ्या, सहजासहजी बऱ्या न होणाऱ्या फुप्फुसरोगावर मात्र श्वासावाटे घ्यावयाच्या लायपोसोममधील ॲमिकासिनला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

येथवर पाहिलेली भक्षक पेशी एका जागी बसून आलेला घास गिळणारी होती. पायातील काट्याकडे धावत जाणारी पेशी निराळी. तिला न्यूट्रोफिल म्हणतात. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात आणि शरीर दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. कोठे जंतुसंसर्ग झाला की तेथील रक्तवाहिनीची आतील भिंत खरबरीत व चिकट होते. वाहत जाणारी न्यूट्रोफिल त्या भिंतीवर प्रथम गडगडते, मग चिकटते आणि शेवटी अंग आक्रसून भिंतीच्या सांध्यातून पलीकडे निसटते. औषधाचा कण एकटा ही भिंत सहसा ओलांडू शकत नाही. मग त्याला या वाटाड्याच्या पाठुंगळी का बसवू नये?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील झेंजिया वांग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. अल्ब्युमिन हे रक्तातीलच एक प्रथिन आहे. त्याचे सुमारे शंभर नॅनोमीटरचे कण उंदरांच्या रक्तात सोडले असता रक्ताबरोबर नुसत्या वाहत असणाऱ्या न्यूट्रोफिल त्यांच्याकडे लक्षही देत नाहीत. दाह झालेल्या भिंतीला चिकटून चेतलेल्या न्यूट्रोफिल मात्र ते गिळतात. म्हणजे निवड करण्याचे काम पेशी स्वतःच करते. या कणांत न्यूट्रोफिलची चिकटण्याची शक्ती ढिली करणारे औषध भरले तेव्हा त्या पेशी भिंतीपासून सुटल्या आणि उंदरांच्या फुप्फुसांना होणारी इजा कमी झाली. पुढच्याच वर्षी वांग यांनी वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात हा प्रयोग आणखी पुढे नेला. स्यूडोमोनस या जंतूने ग्रासलेल्या उंदरांना अल्ब्युमिनच्या कणांतून सेफोपेराझोन हे जंतुनाशक देण्यात आले. न्यूट्रोफिलनी कण गिळले, भिंत ओलांडली आणि औषध फुप्फुसात नेले. जंतूंची संख्या घटली. त्याच वाटेने दाहशामक औषधही पोचविता आले.

दाहशामक औषधाची गरज का पडावी, असा प्रश्न येथे सहज उद्भवेल. दाह तर शरीराच्या रक्षणासाठी असतो. हे खरे; परंतु रक्षणासाठी बोलाविलेली फौज लढाई संपल्यावरही हटली नाही तर ती रयतेलाच नागवू लागते. न्यूट्रोफिल ज्या तीव्र द्रव्यांनी जंतूंना मारतात त्यांच पदार्थांनी फुप्फुसाची नाजूक भिंतही भाजून निघते. जंतूंचे विष रक्तात पसरून होणाऱ्या गंभीर आजारात पुष्कळदा रोगी जंतूंइतकाच या अनावर दाहाने दगावतो. संधिवातासारख्या रोगांत तर जंतू नसतानाही दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

या दाहावर दोन चमत्कारिक उपाय प्राण्यांवर करून पाहण्यात आले आहेत. २०१४ साली अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सुमारे पाचशे नॅनोमीटरचे, ऋणभारित असे कण उंदरांना टोचले. त्यांत औषध मुळीच नव्हते. दाह वाढविणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पेशींनी ते कण गिळले, आणि दाहाच्या जागी जाण्याऐवजी त्या पाणथरीकडे वळून तेथेच संपल्या. मेंदूज्वर, हृदयाची इजा आणि आतड्यांचा दाह अशा भिन्न विकारांत उंदरांना त्याचा फायदा झाला. दुसरा उपाय सोंगाचा आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी नॅनोकणांवर न्यूट्रोफिलच्याच आवरणाची खोळ चढविली. २०१८ साली त्यांनी दाखविले, की सांध्यांत दाह पेटविणारी द्रव्ये खऱ्या पेशी समजून या सोंगाड्यांनाच चिकटतात आणि उंदरांचे सांधे पुष्कळसे बचावतात.

या प्रयोगांचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्यांचे मोल ठरविताना तारतम्य राखले पाहिजे. काळा आजार, बुरशीचे रोग आणि काही फुप्फुसरोग यांवरील लायपोसोम माणसांवर कसाला लागून उतरलेले आहेत. न्यूट्रोफिलकरवी औषध नेण्याचे जे प्रयोग वर सांगितले, ते मात्र उंदरांवरचे आहेत. प्रयोगशाळेतील उंदीर एकाच कुळीचे, एकाच वयाचे आणि ठरावीक वेळी आजारी पाडलेले असतात. रुग्णालयातील माणूस साठीचा असतो, त्याला मधुमेह असतो आणि तो आजाराच्या कितव्या दिवशी येईल याचा नेम नसतो. शिवाय पेशींना आवर घालण्याची वेळ चुकली तर अनर्थ होईल. जंतू जिवंत असताना फौज माघारी बोलाविणे म्हणजे किल्ल्याचे दरवाजे उघडणेच होय. कण शरीरात किती काळ राहतात, यकृतात साठून काही अपाय करतात काय, याचीही छाननी प्रत्येक पदार्थाबाबत वेगळी करावी लागते.

असे असूनही हा मार्ग सोडून देता येण्यासारखा नाही. एका जागतिक पाहणीनुसार २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली. नवी जंतुनाशके सापडण्याचा वेग मंद आहे. अशा स्थितीत हाती असलेलेच औषध योग्य जागी, पुरेशा प्रमाणात आणि कमीत कमी उपद्रव करून पोचविता आले, तर ते नवे औषध सापडल्यासारखेच आहे. अँफोटेरिसिनच्या बाबतीत नेमके हेच घडले. द्रव्य जुनेच होते. वाट तेवढी नवी सापडली.

१९०८ साली एकाच पारितोषिकाचे दोन वाटेकरी झालेल्या त्या दोन शास्त्रज्ञांच्या कल्पना अशा रीतीने शंभर वर्षांनी एकत्र आल्या आहेत. एर्लिखला जादूची गोळी हवी होती. ती वाहून नेण्यास मेचनिकॉव्हची भक्षक पेशी पुढे आली.

एक वाट मात्र कोणत्याही कणाला वा पेशीला चालून जाता येत नाही. ती रोग्याच्या झोपडीपासून दवाखान्यापर्यंतची वाट होय. मुझफ्फरपूरच्या एखाद्या खेड्यात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक ताप असल्याचे कळले, म्हणजे तेथील आशा कार्यकर्ती त्या घरी जाते, रोग्याला तपासणीसाठी उठविते आणि बरोबर घेऊन निघते. एकदा औषध शिरेत गेले की पुढचा रस्ता भक्षक पेशींना ठाऊक आहे. तेथवरचा रस्ता दाखविणारे वाटाडे माणसांतूनच मिळावे लागतात.